गादी कसली आहे?

४ मार्च

दादूची पोटदुखी आज शाळेची बस निघून गेल्यावर बरी झाली. सकाळी तो पोट धरून, भिंतीकडे तोंड करून पडला होता. बस कोपऱ्यावरून वळल्याचा आवाज आला तसा उठला, दोन अंडी खाल्ली आणि मुंगीबरोबर खुर्च्यांची गाडी करून खेळायला लागला. मुंगी म्हणजे त्याची धाकटी बहीण, तीन वर्षांची. तिला नेहमी शेवटचा डबा व्हावं लागतं, पण ती ते मनापासून करते.

दादूचा सगळा वर्ग राष्ट्रीय उद्यानात गेला आहे, एक रात्र मुक्कामाला. आमचा दादू दुसरीत आहे. सहल ठरल्यापासून तो हरणांशिवाय दुसरं काही काढत नव्हता. वहीत हरणं, वर्तमानपत्राच्या कडेला हरणं, एक हरीण न्हाणीघराच्या दारावरसुद्धा. मग गेल्या आठवड्यात बाईंनी सांगितलं, की सगळी मुलं एका मोठ्या खोलीत ओळीनं झोपणार. त्या दिवसापासून हरणं बंद झाली आणि काल पोट दुखायला लागलं.

कारण मला ठाऊक आहे. तो अजून झोपेत अंथरूण ओलं करतो. रोज नाही, पण कधी करेल याचा भरवसा नाही. डॉक्टर म्हणाले, आपोआप जाईल. आपोआप म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी माझ्याकडून काही कमी करत नाही. दिवेलागणीनंतर पाण्याचं भांडं वरच्या फळीवर ठेवतो. गजर लावून त्याला रात्रीतून दोनदा उठवतो. आणि सकाळी तो उठायच्या आत त्याच्या चादरीवरून हळूच हात फिरवून बघतो. तो तेव्हा बहुतेक जागा असतो, कारण डोळे फार घट्ट मिटलेले असतात.

संध्याकाळी हिला म्हणालो, "शाळा नाही तर नाही, सुट्टी लागली की आपणच नेऊ त्याला. स्वस्तातली एखादी खोली शोधतो."

ही मुंगीचे केस विंचरत होती. "न्या की. पण झेपेल का?"

"फार महागातलं नाही बघणार."

"पैशांचं नाही म्हणत मी."

मग कशाचं म्हणतेस, असं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. शोधा खोली."


७ मार्च

आज दुकानातून तीन ठिकाणी फोन केले. मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. शाळा मी आठवीत सोडली, पण माझ्या हातून गेलेल्या पाटीत एकही अक्षर चुकलेलं कुणी दाखवावं. मालक मला त्यामुळे वेलांटी म्हणतात. तब्येतीमुळेही म्हणत असतील.

पहिल्या फोनला एक माणूस म्हणाला, खोल्या आहेत, पंखा आहे, गरम पाणी आहे. मी विचारलं, "गादी कसली आहे?"

"म्हणजे?"

"कापसाची का फोमची? आणि खोळ काढून धुता येते का?"

त्यानं विचारलं, "कुठून बोलताय तुम्ही?"

"दुकानातून."

"कसल्या दुकानातून?"

मी सांगितलं, पाट्यांच्या. त्यानं फोन ठेवून दिला. दुसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या. गादी, खोळ, न्हाणीघर खोलीला लागून आहे की व्हरांड्यातून जावं लागतं, आणि दाराची कडी मुलाच्या हाताला पोचते का, एवढं विचारेपर्यंत त्या म्हणाल्या, "साहेब, आमचं सगळं नियमाप्रमाणे आहे." आणि त्यांनीही ठेवला.

मालक शिडीला टेकून ऐकत होते. "काय रे वेलांटी, सहलीला चाललायस की गाद्यांचा धंदा काढतोयस?"

खरं कारण मी दुकानात सांगितलेलं नाही. दादूला कुणी हसलेलं मला चालणार नाही.


९ मार्च

ओलं. तीनदा उठवूनही ओलं. दोनदा ऐवजी तीनदा उठवण्याचा काही उपयोग नाही असं दिसतं. चारदा करून बघावं का?


१४ मार्च

दवाखान्याच्या शेजारच्या दुकानातून रबरी कापड आणलं. चादरीखाली अंथरलं. दादू त्यावर झोपला तेव्हा ते कुरकुरलं. तो कूस बदलायचा थांबला आणि उताणा, हात दोन्ही बाजूला सरळ ठेवून पडून राहिला, आमच्या दुकानातल्या मोजपट्टीसारखा. मी म्हणालो, "हालचाल केली तरी चालते रे." तो म्हणाला, "आवाज येतो ना." मी म्हणालो, "येऊ दे." पण तो हलला नाही.

सकाळी ओलं होतं. पण गादीला काही झालं नाही, हे कापडाचं यश म्हणायला हवं.


१९ मार्च

काल गोदामाच्या भिंतीवरचं काम रात्रीतच संपवायचं होतं, त्यामुळे मी घरी नव्हतो. सकाळी आलो तर दादू आधीच उठून मुंगीला दात घासायला शिकवत होता. फेसानं दोघंही माखले होते.

हिला विचारलं, "काल कितीदा उठवलंस?"

"एकदाही नाही. मलाच डोळा लागला."

जाऊन चादर बघितली. कोरडी.

मी कारण शोधायचा प्रयत्न केला. काल त्यानं भात खाल्ला होता, पण भात परवाही खाल्ला होता. चादर निळी होती. निळी चादर जरा जाड आहे, ऊब राहत असेल. ती सहलीला न्यायची पिशवीत वेगळी काढून ठेवली.


२४ मार्च

दोन दिवस उद्यानाच्या गावी जाऊन आलो. फोनवर कुणी नीट सांगत नाही, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघून यावं असं ठरवलं. मालकांनी सुट्टी देताना "गाद्यांना माझा नमस्कार सांग" म्हणून घेतलं.

वनखात्याचं वसतिगृह सगळ्यात स्वस्त. पण तिथे पलंग एकावर एक आहेत. दादू वर झोपला तर खाली कुणाला झोपवायचं? मी खाली झोपलो तर माझं काही नाही, पण पलंग कोणता मिळेल ते त्यांच्या हातात. मी मुक्काम तिथेच केला. माझ्या वरच्या पलंगावर एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांची बिचाऱ्यांची काही तक्रार नसावी, पण मी रात्रभर वर बघत पडलो होतो.

मग तंबू. तंबूत कॅनव्हासच्या खाटा असतात, गादी नाहीच. मला वाटलं, सुटलो. खाट पाण्यानं धुता येते. पण संडास मैदानाच्या पलीकडे, आणि वाटेवर पाटी: रात्री एकट्याने बाहेर पडू नये. पाटी सुबक होती, शुद्धलेखनही बिनचूक. मी परत फिरलो.

एक हॉटेल पोहण्याच्या तलावाचं. ते आपल्या आवाक्यातलं नव्हतंच, पण आत डोकावलो. गाद्या इतक्या पांढऱ्या, की बसायला नव्हे, नुसतं बघायला ठेवल्यासारख्या. काउंटरवरच्या मुलीनं डाग पडला तर भरपाई घेतो असं मी न विचारताच सांगितलं.

शेवटी गावाच्या टोकाला एक बैठं घर दिसलं. दोन खोल्या भाड्यानं देतात. नवरा उद्यानाच्या फाटकावर तिकिटं फाडतो. त्यांना सगळे काका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मावशी. मावशी अंगणात भिंतीवर गाद्या वाळत घालत होत्या. मी जवळ जाऊन एका गादीचं टोक उचललं, दाबून बघितलं, वास घेतला. कापसाची, जुनी, चांगली पिंजलेली. घामाचा नाही, उन्हाचा वास.

मावशींचा हात तसाच थांबला. "काय पाहिजे आपल्याला?"

"खोली बघायची होती. या गाद्या रोज उन्हात टाकता?"

"रोज. न चुकता." त्या सरळ उभ्या राहिल्या. "आत या ना साहेब."

मला कुणी साहेब म्हणत नाही, पण त्या आदरानं बोलणाऱ्या दिसल्या. मी खोली बघितली. जमीन गुळगुळीत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत दादूची पावलं किती पडतील ते चालून बघितलं, लहान लहान पावलं टाकत. दिव्याचं बटण खाली आहे. कडी दोनदा लावून काढून बघितली. खिशातून कागद काढून सगळं टिपून घेतलं, नाहीतर हिला सांगताना घोटाळा होतो.

मावशी आत गेल्या. "अहो, शर्ट घाला. आले बरं का," असं काकांना म्हणालेलं मला ऐकू आलं. कोण आलं ते कळलं नाही, बाहेर तर मी एकटाच होतो.

भिंतीवर त्यांचा परवाना टांगला होता. लिहिलेलं काहीही दिसलं की मी वाचतोच. वाचला. त्यात एका अक्षराची वेलांटी चुकली होती, ती त्यांना दाखवली. मावशींचा चेहरा उतरला. "ते ऑफिसातूनच तसं आलंय हो साहेब. आम्ही काही केलं नाही."

"नाही, नाही. मी सहज सांगितलं."

त्यांनी चहा दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. भाडं विचारलं तर आपल्याला अगदी परवडेल असं निघालं. म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." मी एप्रिलमधल्या दोन रात्री ठरवल्या. बायको आणि दोन लहान मुलं बरोबर असतील असंही सांगितलं. काका मान हलवून म्हणाले, "घरच्यांना घेऊन येतात म्हणजे कुणाला संशय नको." गंमतीशीर गृहस्थ आहेत.

निघताना मी म्हणालो, "येईन तेव्हा सगळं असंच असू दे."

"असंच कशाला साहेब? याहून चांगलं असेल."

फार चांगली माणसं. बसमध्ये बसलो तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. फक्त खरं कारण सांगायचं राहिलं. दोनदा तोंड उघडलं होतं, पण त्या इतक्या अदबीनं उभ्या होत्या की त्यांच्यासमोर असलं काही बोलवेना.


२५ मार्च

मी नव्हतो त्या रात्रीही कोरडं. आणि निळी चादर तर पिशवीत होती. म्हणजे चादरीचं काही खरं नाही.

हिला विचारलं, काय वेगळं केलंस?

"काही नाही केलं. घर शांत होतं."

शेजारचं बांधकाम बंद असेल. तसं मी विचारलं, तर शेजारी म्हणाला, बांधकाम चालूच आहे. मग हिला कसली शांतता वाटली कोण जाणे.


२ एप्रिल

दादूला आज सांगितलं, की आपण जाणार, पक्कं. त्यानं लगेच विचारलं, "हॉल आहे?"

"हॉल नाही. आपली आपली खोली. फक्त आपण चौघं."

तो बराच वेळ खिडकीच्या गजांवर नखानं आवाज काढत बसला. मग म्हणाला, "बाबा, तिथेपण तू रात्री उठणार?"

"उठणार तर! तू काही काळजी करू नकोस. गजर घेणार आहे बरोबर."

"बरं," म्हणाला. मला वाटलं होतं, उडी मारेल.

रात्री ही म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा तरी पोटभर झोपा." मी म्हणालो, आता सहल होईपर्यंत कसली झोप.


११ एप्रिल

उद्या निघायचं. पिशवी तिसऱ्यांदा भरली. रबरी कापड, जुन्या चादरी, दादूच्या चड्ड्या, साबण, दोरी, चिमटे. हरणं बघायला काय लागतं ते बघायचं राहिलंच. ही म्हणाली, "डोळे लागतात."


१२ एप्रिल

मावशींच्या घराच्या पायरीवर बसून लिहितो आहे. ऊन उतरलंय. मुंगी रबरी कापड पाठीला बांधून अंगणात धावते आहे, ती सध्या पक्षी आहे. जे झालं ते आजच लिहून ठेवायला हवं.

आम्ही पोचलो तर काका फाटकाशी उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, इतक्या उन्हात. भिंतींना नवा रंग, अजून वास येत होता. मावशींनी खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबलो.

जुन्या गाद्या नव्हत्याच. दोन्ही पलंगांवर नव्या कोऱ्या, गुडघ्याएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र गाद्या. त्या पोहण्याच्या तलावाच्या हॉटेलात होत्या तशाच.

"बसा ना साहेब. दाबून बघा," मावशी म्हणाल्या. "अजून कुणी टेकलंसुद्धा नाही यांच्यावर."

"साहेब?" ही माझ्याकडे बघून हळूच म्हणाली.

तेवढ्यात मुंगी चपलांसकट वर चढली. मी तिला अक्षरशः ओढून काढलं. ती भोकाड पसरून रडायला लागली. मी म्हणालो, "मावशी, आम्ही खालीच झोपतो. जमिनीवर. आम्हाला सवय आहे."

मावशींचा चेहरा बघवेना. "काय कमी आहे साहेब? सांगा, लगेच बदलते."

"कमी काही नाही. फार चांगल्या आहेत. म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

मी पिशवीतून रबरी कापड काढलं आणि म्हणालो, "मग हे वर टाकलं तर चालेल का?"

मावशींनी ते दोन बोटांनी धरलं. काकांकडे बघितलं. "हे काय असतं? यानं तपासतात का?"

काका म्हणाले, "नवीन पद्धत असेल."

तेव्हा दादू म्हणाला, "मी झोपेत शू करतो. त्याच्यासाठी आहे ते."

असं म्हणाला, जसा वर्गात हजेरी देतो. मोठ्यानं नाही, हळूही नाही. मी "दादू!" म्हणून ओरडलोच. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यांची गादी आहे ना, मग त्यांना सांगायला नको?"

मुंगी रडायची थांबली. मावशी एकदा कापडाकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही गादीचा वास घेत होतात..."

"हो."

"आणि न्हाणीघरापर्यंत ती छोटी छोटी पावलं..."

"त्याची पावलं."

"आणि ते कागदावर टिपणं..."

"हिला दाखवायला."

"म्हणजे तुम्ही तपासणीचे साहेब नाही?"

"मी पाट्या रंगवतो," मी म्हणालो.

मावशी मटकन त्या नव्या गादीवर बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. पण त्या हसत होत्या. हसताना त्यांना श्वास पुरेना. "अहो, ऐकलंत का! पाट्या रंगवतो म्हणे! अरे मेल्या, आधी का नाही बोललास? पर्यटन खात्याचा माणूस येणार, येणार म्हणून गावभर बोंब, आणि तू येऊन गाद्या हुंगतोस! कुणालाही वाटेल!"

काकांनी गळ्याचं बटण काढलं, मग त्याखालचं, मग सगळीच. "तीन आठवडे," ते मला म्हणाले, "तीन आठवडे या बाईनं मला माझ्या घरात बनियनवर बसू दिलं नाही."

गाद्या त्या हॉटेलच्याच निघाल्या. मावशींचा भाऊ तिथे धोबीकामाला आहे, त्यानं परत करायच्या बोलीवर आणून दिल्या होत्या. "रात्री कुणी नुसता घाम गाळला असता तरी माझा जीव गेला असता," मावशी म्हणाल्या. "मी तर ठरवलं होतं, रात्रभर दाराबाहेर बसून राहायचं."

मी म्हणालो, "मीपण रात्रभर बसूनच राहणार होतो."

यावर ही हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुंगी झाल्यापासून मी हिला असं हसताना बघितलेलं नाही. ही हसते म्हणून मुंगी हसली, आणि दादूही हसला. त्याला हसतील म्हणून मी इतके दिवस कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतं, आणि तोच सगळ्यांत मिसळून हसत होता. हे कसं, ते मला अजून नीट उमजलेलं नाही.

मग काका आणि मी त्या पांढऱ्या गाद्या उचलून मागच्या खोलीत नेल्या, बाळंतिणीला नेतात तशा जपून. जुन्या कापसाच्या गाद्या परत आल्या. मावशी आता मला अरे-तुरे करतात, ते बरं वाटतं. दादूला त्यांनी पलंगाजवळची पेटी उघडून दाखवली. "ही दुसरी चादर. झालंच तर ओली काढायची, ही घालायची, झोपायचं. मला हाक मारायची नाही हं, मी घोरत असते."

"एवढंच?" दादू म्हणाला.

"मग काय, वाजंत्री लावू?"

दादूनं पेटी स्वतः एकदा उघडून, बंद करून बघितली. मग माझ्याकडे न बघता काकांना विचारलं, "हरणं कधी येतात?"

"पहाटे. मागच्या कुंपणापर्यंत येतात. फाटकावर तिकीट काढणाऱ्यांना दिसत नाहीत, मला फुकट दिसतात."

आता जेवायला बोलावताहेत. पाण्याचं भांडं टेबलावरच आहे आणि दादूनं दोन पेले प्यायलेले मी बघितले. उठून काढून ठेवावं की नाही, ठरत नाही. ही म्हणते, बसा.


१३ एप्रिल

तोंडावर ऊन आलं तेव्हा जाग आली. आधी वाटलं, आपण घरी आहोत आणि दुकानाला उशीर झाला. मग कळलं, कुठे आहोत. खोलीत कुणी नव्हतं. दोन्ही पलंग मोकळे, गाद्यासुद्धा नव्हत्या. मी दादूच्या पलंगाशेजारी जमिनीवर माझ्या अंथरुणात, रात्री टेकलो तसाच, त्याच कुशीवर.

गजर वाजलाच नव्हता. मी शोधलं तर घड्याळ पिशवीच्या तळाशी सापडलं, हिच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. उशाशी ठेवलं होतं असं माझी आठवण सांगते. पण कालच्या गडबडीत काय कुठे गेलं, काही सांगता येत नाही.

म्हणजे मी एकदाही उठलो नाही. त्याला एकदाही उठवलं नाही. धावत बाहेर आलो. अंगणाच्या भिंतीवर घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात पडल्या होत्या, मावशींच्या, काकांच्या, आमच्या. दादूची कोणती ते ओळखू येईना. मी एकीवर हात ठेवायला गेलो. ही चुलीजवळच्या बाकावर चहा घेत बसली होती.

"दादूची कोणती?" मी विचारलं.

"काय की. मावशींनी सगळ्या एकदमच काढल्या."

"ओली होती का?"

"मी नाही बघितली." आणि चहाचा पेला माझ्यापुढे केला. "बसा जरा. चेहरा किती बरा दिसतोय आज तुमचा."

मावशींना विचारावं म्हणून वळलो, तर मागच्या बाजूनं दादू पळत आला. पायाला ओलं गवत चिकटलेलं, केस उभे. त्याच्यामागून काका येत होते, बनियनवर, मुंगीला खांद्यावर घेऊन.

"बाबा! आली होती! पाच होती! एक अगदी कुंपणाला नाक लावून उभं होतं, आणि काका म्हणाले हलू नकोस, आणि मी हललोच नाही, माझ्या पायावर मुंगळा चढला तरी हललो नाही!"

त्याच्या अंगात कालचीच चड्डी होती की दुसरी, ते मी बघितलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतं. मला विचारायचं वेगळंच होतं. ते अगदी जिभेवर होतं. पण तो समोर उभा होता, धापा टाकत, आणि तोंडातून निघालं,

"शिंगं होती का रे?"

"एकालाच!" त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरून बोटं पसरली. "एवढी! तू झोपला होतास म्हणून तुला उठवलं नाही. आई म्हणाली, झोपू दे त्यांना. उद्या येशील?"

"येईन की."

"पण तिथे काही विचारायचं नसतं. नुसतं गप्प बसायचं असतं. तुला जमेल?"

मी म्हणालो, बघतो जमतंय का. तो म्हणाला, "जमतं. पहिल्यांदा मलापण वाटलं होतं जमणार नाही." आणि माझ्या हातातला चहाचा पेला घेऊन एक मोठा घोट प्यायला.